गाडीबरोबर नावही गेलं पाहिजे

आमच्या बचत गटाने पंधरा वर्षं वापरलेली जुनी मॅटेडोर यंदा विकली. जुनी गाडी विकणं म्हणजे किल्ली द्यायची आणि पैसे मोजून घ्यायचे, एवढंच अनेकींना वाटतं. आम्हाला त्यात दोन महिने गेले, चार गिऱ्हाइकं आली-गेली आणि गटाच्या तीन बैठका झाल्या. आज बऱ्याच गटांकडे स्वतःचा टेंपो, पिकअप नाही तर रिक्षा आहे. एक ना एक दिवस तीही विकायची वेळ येणारच. म्हणून आम्हाला जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी गाडीची ओळख करून देतो. मॅटेडोर तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. लग्नाचं वऱ्हाड तिच्यातून गेलं, दुधाचे कॅन तिच्यातून गेले. पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणली. आपण सरसकट ज्याला 'टेंपो' म्हणतो तो शब्दही मुळात एका गाडीचं नाव. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कारखान्याच्या गाड्या टेंपो नावाने विकल्या जात. त्यांची तीनचाकी आपल्याकडे बनू लागली आणि नावच मराठीत कायमचं राहिलं.

आमची गाडी १९९६ सालच्या नोंदणीची. २०१० साली आम्ही ती वापरलेली घेतली. तेव्हा गटात चौदा जणी होतो. प्रत्येकीने सारखीच रक्कम घातली. सुताराकडून आत दोन लांब बाक करून घेतले. रात्री मधे फळ्या टाकल्या की त्यांचाच पलंग व्हायचा. मागच्या दाराजवळ छोटा ओटा, खाली डबे ठेवायला कप्पे, कोपऱ्यात पाण्याचा पिंप आणि खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे. परदेशात अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. जर्मनीत १९५१ च्या सुमारास वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगन गाडीत बसवायला अशाच फळ्या-कपाटांचा संच बनवला होता. आम्हाला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या गावातली पोरं गाडीला 'बिऱ्हाड' म्हणायची, आणि तेच नाव पडलं.

बिऱ्हाड आम्हाला का लागलं, तेही सांगितलं पाहिजे. पापड, मसाले, शेवया घेऊन प्रदर्शनाला जायचं तर माल भाड्याच्या गाडीत जायचा. बायांनी रात्री राहायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. लॉज परवडत नव्हता, आणि परवडला असता तरी घरचे पाठवत नव्हते. स्वतःची गाडी, आतून कडी आणि सोबत आपल्याच सहा जणी, असं म्हटल्यावर घरातून होकार आला. आमच्यातल्या काही जणी माहेर सोडून दुसरीकडे पहिल्यांदा झोपल्या त्या बिऱ्हाडात. दोघींनी लायसन काढलं. वारीच्या दिवसांत वाटेवर थांबून आम्ही त्याच ओट्यावर चहा केला. त्यामुळे विकायचा विषय निघाला तेव्हा आधी सगळ्या गप्पच बसल्या.

पण आमच्या हिशेबाच्या वहीला माया कळत नाही. मागच्या वर्षी विमा, दुरुस्ती, बॅटरी आणि दोन टायर मिळून ४१,६०० रुपये गेले, आणि फेऱ्या झाल्या चार. म्हणजे डिझेल न धरता एका फेरीला १०,४०० रुपये. इकडे १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट झालं. काही प्रदर्शनांत राहायची सोयही मिळू लागली. मालाला पिकअप आणि आम्हाला एस.टी. असं केलं तर एक फेरी सात हजारांच्या आसपास बसत होती. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर ५ वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत २०२६ साली संपणार होती. त्याआधी पत्रा, रंग, ब्रेक असं बरंच काम काढावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर गुडघेही आता त्या उंच पायरीवर चढायला कुरकुरत होते. ठराव झाला, गाडी विकायची.

पहिलं काम कागदांचं. आम्ही एका पिशवीत आर.सी. पुस्तक, विम्याचा कागद, पीयूसी आणि कराच्या पावत्या गोळा केल्या. तुम्हीही विकायच्या आधी पुढच्या गोष्टी बघून घ्या. गाडीवर न भरलेलं चलान आहे का, ते आर.टी.ओ.च्या ऑनलाइन सेवेवर नंबर टाकून पाहा आणि भरून टाका. गाडी कर्जाने घेतली असेल तर कर्ज फिटलं तरी पुस्तकावर बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती बसवून घ्या. आणि पुस्तकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते गॅरेजवाल्याला सोबत घेऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीच्या रचनेत बदल केला असेल तर त्याची आर.टी.ओ.ची मंजुरी पुस्तकात चढलेली असावी लागते. आमची चढलेली होती, म्हणून तिथे अडलं नाही.

दुसरं काम दर ठरवायचं. ज्याच्याकडे गाडी नेहमी जाते त्या मेकॅनिकला आम्ही विचारलंच, आणि दुसऱ्या गावच्या मेकॅनिकलाही पैसे देऊन दाखवली. दोघांचा अंदाज ९० हजार ते १ लाख १० हजार या दरम्यान आला. इंजिन चांगलं, टायर दोन नवे दोन जुने, मागच्या चाकावरचा पत्रा गंजलेला, पावसात डाव्या खिडकीतून पाणी येतं आणि तिसरा गिअर कधी कधी निसटतो. हे सगळं आम्ही एका कागदावर लिहिलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात आधी तोच कागद दिला. आमच्यातली एक म्हणाली, "स्वतःच्या म्हशीला कुणी मारकी म्हणतं का?" त्यावर थोरल्या मावशी म्हणाल्या, "म्हणत नाहीत, म्हणून तर बाजारात गिऱ्हाईक आधी शेपटी ओढून बघतं." दोष आपणच सांगितला की गिऱ्हाईक बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतं, हा अनुभव आम्हाला मसाले विकतानाच आला होता.

आता गिऱ्हाइकं. पहिला आला भंगारवाला. ३८ हजार म्हणाला, आणि गाडी आजच ओढून नेतो म्हणाला. भंगारात देण्यात गैर काही नाही, पण त्यालाही रीत आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रं आहेत. तिथे गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि आर.टी.ओ.त नोंदणी रद्द करता येते. कोपऱ्यावरच्या भंगारात गाडी दिली आणि नोंदणी तशीच राहिली, तर गाडी तुटते पण तिचा नंबर जिवंत राहतो. तो नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढला, तर पोलीस दार वाजवतात ते पुस्तकावरच्या नावाचं. त्या माणसाकडे असं केंद्र नव्हतं. आम्ही नको म्हटलं.

दुसरा आला जुन्या गाड्यांचा दलाल. गाडी बघून म्हणाला, "ही तर विंटेज आहे. शहरात हौशी लोक तुटून पडतील." आणि १ लाख २५ हजार रोख देतो म्हणाला. विंटेज हा शब्द ऐकून आम्ही जरा सुखावलो, पण कायद्यात त्या शब्दाला अर्थ आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूप टिकवलेली दुचाकी किंवा चारचाकीच विंटेज म्हणून नोंदवता येते, आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. आमची गाडी तिशीला टेकलेली, आत बाक ठोकलेली. तिला जुनी म्हणायचं, बास.

शब्दाचं सोडा, खरी मेख पुढे होती. दलाल म्हणाला, "फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या करून द्या. खरेदी करणाऱ्याचं नाव कोरं राहू द्या. गिऱ्हाईक मिळालं की मी भरतो."

गाडी थोरल्या मावशींच्या नावावर होती. गट सुरू झाला तेव्हा त्या अध्यक्ष होत्या, म्हणून पुस्तकावर त्यांचं नाव लागलं. त्या दिवशी बैठकीत दोन बाजू पडल्या. ठरवलेल्या दरापेक्षा १५ हजार वर मिळत होते. गटाला पैशाची गरज होती. "सगळेच असं करतात," असं आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गाडी त्याची झाली, पैसे गटाचे झाले. मधल्या काळात ती कुणाला धडकली, तर कोर्टात कुणाला बोलवतील?"

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेलं आहे. एक गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, पण आर.टी.ओ.त नाव बदललंच नव्हतं. २००९ साली तिच्यामुळे अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. न्यायालयाने सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. भरपाई त्याने द्यायची. अपघातात माणूस गमावलेल्या घराने गाडीचा शेवटचा मालक शोधत फिरावं, हे कायद्याला मान्य नाही. विचार केला तर ते न्यायाचंच आहे. उद्या आपल्याच घरावर ती वेळ आली, तर आपणही पुस्तकावरच्या नावाकडेच बोट दाखवू.

मावशींकडे दीड एकर रान आणि दोन खोल्या. पंधरा हजारांसाठी ते सगळं पणाला लागलं असतं, आणि फायदा मात्र बाराजणींत वाटला गेला असता. ज्या निम्म्या जणी आधी हो म्हणत होत्या, त्यांनीच मग नको म्हटलं.

दलालामार्फत गाडी विकायचीच नाही असं नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नवा नियम आहे. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी ताब्यात घेताना मालकाने आणि त्याने मिळून फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा. तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्याची. आम्ही या दलालाला अधिकारपत्र विचारलं. "एवढ्याशा गाडीला कशाला," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

तिसरं गिऱ्हाईक आलं त्याने मात्र आमची खरी परीक्षा घेतली. शेजारच्या तालुक्यातला एक नवा गट. नाचणीचे पदार्थ करतात. आठ जणी भाड्याची जीप करून आल्या. बाक पाहिले, फळ्या टाकून पलंग करून पाहिला, पडद्याला हात लावून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत आम्हाला पंधरा वर्षांपूर्वीच्या आम्हीच दिसलो. कर्ज काढून १ लाख १० हजार द्यायला तयार होत्या. सह्या, नाव बदलणं, सगळं रीतसर करणार होत्या. आम्हाला हवं होतं ते सगळं मिळत होतं.

पण ज्या कारणाने आम्ही गाडी विकत होतो, ते कारण त्यांच्या गावात गेल्यावर बदलणार नव्हतं. नोंदणीची मुदत त्यांच्याकडे गेल्यावरही २०२६ सालीच संपणार होती. टायर त्यांनाही लागणार होते, आणि वर कर्जाचा हप्ता. आम्ही सगळ्या ओट्याजवळ बसलो आणि त्यांच्यापुढे हिशेबाची वही ठेवली. ४१,६०० चा आकडा दाखवला. "ताई, वर्षाला तुमच्या फेऱ्या किती?" विचारलं. त्या म्हणाल्या, तीन. त्यांच्यातल्या एकीने तिथेच हिशेब केला. गाडी न घेता गेल्या तर उरणाऱ्या पैशात त्यांचं पीठ भाजायचं यंत्र येत होतं. त्या जेवून गेल्या. गाडी घेतली नाही. यंत्र घेतलं, हे नंतर त्यांचा फोन आला तेव्हा कळलं. आमच्यात त्या रात्री एकीने विचारलं, "आपण विकायला बसलोय की समजावायला?" पण वही लपवावी, असं तीही म्हणाली नाही.

चौथं गिऱ्हाईक म्हणजे नाशिककडचं एक तरुण जोडपं. नवऱ्याचं गाड्यांच्या दुरुस्तीचं काम आहे, बायको शिक्षिका. दोघांना सुट्टीत मुलांना घेऊन फिरायचं होतं. त्याने आमचा दोषांचा कागद वाचला, गाडीखाली झोपून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, एक दोष तुम्ही लिहायचा राहिला. सायलेन्सरला भोक आहे." आम्ही कागदावर तेही लिहिलं. पत्रा आणि गिअरचं काम तो स्वतः करणार, म्हणून जुनी गाडी त्याला परवडत होती. घासाघीस होऊन सौदा ९८ हजारांवर ठरला.

आता सौद्याची रीत ऐका, ही लिहून घेतली तरी चालेल.

पैसे खात्यावर घेतले. थोडी रक्कम इसार म्हणून आधी आणि बाकीची सह्यांच्या दिवशी. फॉर्म २९ हा विकणाऱ्याने दिलेली खबर आणि फॉर्म ३० हा मालकी बदलाचा अर्ज. दोन्ही पूर्ण भरलेले, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहिलेले, असं बघूनच मावशींनी सही केली. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. घेणारा करेल म्हणून आपण थांबायचं नाही, आपली खबर आपणच द्यायची. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याचा फॉर्म २८. विमाही घेणाऱ्याच्या नावावर करून घ्यायला १४ दिवसांची मुदत असते, ती त्याला आठवण करून द्या.

एक वेगळा कागद केला, ताब्याचा. गाडी कुणी, कुणाला, कुठे, किती तारखेला आणि किती वाजता दिली, किलोमीटर किती, किल्ल्या किती. वेळ लिहायला विसरू नका. दुपारी चारला गाडी दिली आणि पाचला तिने सिग्नल तोडला, तर तोच एक आकडा उपयोगी पडतो. काचेवरचा फास्टॅग काढून खातं बंद केलं, नाहीतर टोल त्यांचा आणि पैसे आपले. गॅसचा सिलिंडर आणि शेगडी उतरवून घेतली. सिलिंडर आपल्या नावाचा असतो, तो गाडीबरोबर द्यायचा नसतो. आणि नव्या नावाचं पुस्तक निघाल्यावर त्याची प्रत मागवून गटाच्या फाइलला लावली. ती प्रत हातात आली त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता विकली."

राहिले पैसे. गाडी घेताना चौदा जणी होतो, आज बारा आहोत. एक मुलाकडे पुण्याला गेली, एक चार वर्षांपूर्वी वारली. "आता गटात आहेत त्यांनाच वाटा," असं म्हणणं सोपं होतं. पण पैसे चौदा जणींनी घातले होते, हे जुन्या वहीत लिहिलेलं होतं. ९८ हजारांचे चौदा भाग केले, भाग आला ७ हजारांचा. पुण्याच्या बाईंना त्यांचा पाठवला. वारलेल्या मैत्रिणीचा तिच्या सुनेच्या हातात दिला. सून म्हणाली, "आत्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं." उरलेले ८४ हजार बाराजणींनी गटाच्या खात्यावरच ठेवायचा ठराव केला.

यातून एक गोष्ट सगळ्या गटांनी घेण्यासारखी आहे. गटाची वस्तू एकीच्या नावावर असेल, तर ती गटाची आहे असा ठराव आजच वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तिच्या घरच्यांनाही सांगून ठेवा. नावाची बाई गेली, तर वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. कायद्याला वारस दिसतो, गट दिसत नाही. मग ज्यांच्यात कधी भांडण नव्हतं, त्या घरांत भांडण लागतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची गाडी विकायची असो वा नसो, येत्या बैठकीत तिचं पुस्तक बाहेर काढा. नाव कुणाचं आहे, मुदत कधी संपते, बोजा उतरला आहे का आणि ठराव लिहिला आहे का, या चार गोष्टी मोठ्याने वाचा. आणि गटातल्या कुणी याआधी गाडी विकली असेल, तर नव्या नावाच्या पुस्तकाची प्रत आली होती का, तेही विचारा. आली नसेल तर उद्याच आर.टी.ओ. गाठा.